थेंब कुठून येतो?

(मंडळाच्या निधी-संकलन स्नेहमेळाव्यात गाडी समितीच्या वतीने केलेलं भाषण. सभासदांच्या आग्रहास्तव इथे छापत आहोत.)



निधी-संकलनाच्या कार्यक्रमात गाडीच्या तेलगळतीवर भाषण कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या चेहऱ्यावर दिसतोय. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की, आपल्या मंडळाची जुनी गाडी दरवर्षी निधी मिळवून देते, आणि तीन वर्षं त्यातला बराच भाग ती स्वतःच पिऊन टाकत होती. गाडी विकून टाकावी असा ठराव कार्यकारिणीसमोर आला होता. तो ठराव मागे का घेतला गेला, आणि तुमच्या पैशाचं काय झालं, याचा हिशेब देणं हे गाडी समितीचं काम आहे. म्हणून आज आम्ही इथे उभे आहोत. तांत्रिक भाग येईल, पण घाबरू नका, सगळं घरगुती भाषेत सांगणार आहोत.

आधी नव्या सभासदांसाठी गाडीची ओळख. १९८५ सालची, जर्मन बनावटीची, पेट्रोलवर चालणारी, चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली सेडान. आपल्या मंडळातलं एक ज्येष्ठ दांपत्य कायमचं पुण्याला परतलं, तेव्हा त्यांनी ती मंडळाला भेट दिली. मुलांनी तिचं नाव ‘बयो’ ठेवलं, आणि तेच आता सगळ्यांच्या तोंडी बसलंय. उन्हाळ्यात बयो लग्नात नवरा-नवरीला मिरवते, राजाच्या वाढदिवसाच्या सुट्टीत मुलांना फ्लीटच्या काठाने फेरी मारून आणते, आणि गणपतीत बाप्पा तिच्याच मागच्या सीटवर बसून येतात. प्रत्येक फेरीची देणगी डब्यात पडते. थोडक्यात, बयो ही आपल्या मंडळाची कमावती बाई आहे.

आणि लायडस्खेनडाममध्ये जुन्या गाडीचं प्रेम असणं ही काही परकी गोष्ट नव्हे. आज हेगच्या वेशीवर जे लाउमान संग्रहालय आहे, तिथल्या संग्रहाची सुरुवात १९३४ साली एका १९१४ सालच्या डॉज गाडीपासून झाली. तो संग्रह १९६९ पासून १९८१ पर्यंत आपल्या लायडस्खेनडाममध्येच होता. नंतर तो राम्सडोंक्सफेरला गेला, आणि २०१० साली हेगच्या नव्या इमारतीत आला. तिथे कलकत्त्यात हौसेने फिरवलेली १९१० सालची हंसाच्या आकाराची गाडी आहे. पाहिली नसेल तर मुलांना घेऊन जरूर जा. आपल्याकडच्या रस्त्यावर काय काय फिरलंय ते कळेल!

ऑटोमॅटिक म्हणजे नेमकं काय

आता थोडं गिअरबॉक्सविषयी. आपल्यापैकी बहुतेकांनी गाडी चालवायला शिकली ती क्लच आणि गिअरच्या दांड्याशी कुस्ती खेळत. ऑटोमॅटिकमध्ये ही कुस्ती तेल खेळतं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकाचं बटण चालू करा, दुसऱ्याचं नको. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरायला लागतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये अशीच एक बंद डबी असते, तिला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. फक्त तिथे वाऱ्याऐवजी तेल असतं. ही कल्पना मुळात जहाजांसाठी निघाली. हेरमान फ्योटिंगर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. मोटारीत मोठ्या प्रमाणावर ऑटोमॅटिक आला तो अमेरिकेत, १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये, ‘हायड्रामॅटिक’ या नावाने.

इथल्या डच मंडळींनी मात्र आपली वेगळीच वाट काढली. आइंडहोव्हनच्या डाफ कंपनीने १९५८ साली रबरी पट्ट्यांवर चालणारा ‘व्हेरिओमॅटिक’ आणला. त्यात गिअरच नव्हते, त्यामुळे ती गाडी पुढे जेवढ्या वेगात जाई तेवढ्याच वेगात मागेही जाऊ शके. इथे टीव्हीवर उलट्या गाड्यांच्या शर्यती रंगत, त्या याच गुणामुळे! पण पट्ट्यांना असं तेल लागत नाही. आपल्या बयोला लागतं, आणि पुष्कळ लागतं.

हे तेल तीन कामं करतं. कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद पुढे पोचवतं. दाबाखाली आतले क्लच आणि पट्टे आवळून गिअर बदलतं. आणि फिरत्या भागांना वंगण देऊन थंड ठेवतं. म्हणजे रक्त, स्नायू आणि घाम, तिन्ही एकच. म्हणूनच ते थोडंसं कमी झालं की गाडी उशिरा गिअर टाकते, झटके देते, आणि तरीही दुर्लक्ष केलं तर आतले क्लच जळतात. मग मात्र खर्च चार आकडी होतो.

हे तेल बहुधा लाल रंगाचं असतं. तो रंग मुद्दाम मिसळलेला असतो, गळालं तर ओळखू यावं म्हणून. एके काळी या तेलात स्पर्म व्हेल माशाची चरबीही घालत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना नवा मसाला शोधावा लागला. असो.

तीन मार्च, तीन डबकी

आता मूळ गोष्टीवर येतो. २०२२ च्या मार्चमध्ये शेडचं दार उघडलं, तर बयोच्या पोटाखाली लाल डबकं. डबकं गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरच्या मागच्या डाव्या कोपऱ्याखाली होतं. गाडी एका वर्कशॉपमध्ये गेली. तिथल्या कारागिराने चेंबरचं पॅकिंग बदललं. उन्हाळाभर थेंबही नाही. सगळे खूश.

२०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा डबकं, त्याच जागी. या वेळी पॅकिंग पुन्हा नवं, शिवाय मागच्या बाजूचं ऑइल सीलही नवं. पुन्हा उन्हाळाभर कोरडं.

२०२४ च्या मार्चमध्ये तिसरं डबकं. आता सल्ला आला की गिअरबॉक्स पूर्ण उतरवून, उघडून, आतलं सगळं नवं करावं. अंदाज, दोन हजार आठशे युरो. तीन वर्षांत दुरुस्तीवर अकराशे युरोच्या आसपास आधीच गेले होते. कोणाच्या नावाने बोटं मोडण्याचा आमचा हेतू नाही. ज्याने त्याने समोर जे ओलं दिसलं ते प्रामाणिकपणे बदललं. पण दोन हजार आठशे युरो म्हणजे आपल्या एका वर्षाच्या निधीचा मोठा घास. तेव्हा विक्रीचा ठराव आला, आणि तो चुकीचाही नव्हता.

गाडी समितीने कार्यकारिणीकडे एकच गोष्ट मागितली. एक महिना वेळ द्या. काहीही सुटं करायचं नाही, काहीही बदलायचं नाही, फक्त शोधायचं. आमच्यात एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत उभी हयात घालवलेले एक काका आहेत, मुलीकडे राहायला इथे आलेले. आणि डेल्फ्टच्या विद्यापीठात शिकणारी एक मुलगी आहे, जिला आम्ही सगळे नुसतं ‘ताई’ म्हणतो. काकांचं पहिलं वाक्य होतं, ‘अरे, गळतीवर हात ठेवायच्या आधी डोळा ठेवा.’ आमच्या महिन्याभराच्या कामाचं सार या वाक्यात आलं.

पहिला प्रश्न: गळतंय ते काय?

पोटाखाली मोठा पांढरा पुठ्ठा पसरला. त्यावर चारही चाकांच्या जागा पेनने आखल्या, म्हणजे प्रत्येक थेंब गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला ते कळेल. इंजिनाचं तेल तपकिरी ते काळं असतं, रेडिएटरचं पाणी निळं-हिरवं, पातळ आणि गोडसर वासाचं. आमचा डाग लाल होता. पण थांबा, इथेच पहिली खोच आहे. बयोसारख्या कित्येक जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगमध्येसुद्धा हेच लाल तेल घालतात. तेव्हा लाल म्हणजे गिअरबॉक्सच, असं लगेच म्हणता येत नाही. पुठ्ठ्यामुळे ते सुटलं. स्टिअरिंगची सगळी यंत्रणा पुढे आहे, आणि डाग मध्यभागी, गिअरबॉक्सखाली. स्टिअरिंगच्या टाकीतली पातळीही जिथल्या तिथे होती.

दुसरा प्रश्न: तेल खरंच किती आहे?

गाडीची पुस्तिका सांगते की गिअरबॉक्सचं तेल मोजायचं ते गाडी सपाट जागी उभी करून, गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, गिअरचा दांडा ‘पी’ वर ठेवून. तेल साधारण ८० अंशांना असलं पाहिजे. बंद आणि थंड गाडीत मोजलं तर आकडा भलताच येतो, आणि मग माणूस भलतंच ओततो. जास्त तेल झालं की फिरत्या भागांत घुसळून त्याचा फेस होतो, आणि तो हवेच्या नळीतून बाहेर येतो. कित्येक ‘गळक्या’ गाड्यांचा आजार हाच असतो. आमच्या डिपस्टिकवर खालची आणि वरची खूण यांत फक्त ०.३ लिटरचं अंतर आहे. चहाच्या दोन-तीन कपांत हा खेळ! आम्ही मोजलं. डबक्यात गेलं होतं तेवढं कमी होतं, तेवढंच भरलं. जास्त भरल्याचा आरोप बाद.

तिसरा प्रश्न: आतल्या आत जातंय का?

हे बाहेरून दिसत नाही म्हणून विचारायला हवं. गिअरबॉक्सच्या बाजूला एक छोटी डबी असते. ती इंजिनाच्या शोषणाच्या नळीला जोडलेली असते, आणि गिअर किती जोराने बदलायचा ते ठरवते. तिच्यातला रबरी पडदा फाटला की इंजिन तेल पिऊ लागतं. जमिनीवर थेंब नाही, पण डिपस्टिक खाली, आणि मागच्या नळीतून पांढरा धूर. ताईने ती रबरी नळी काढून आत पाहिलं. खडखडीत कोरडी. दुसरी शक्यता रेडिएटरची. गिअरबॉक्सचं तेल थंड होण्यासाठी रेडिएटरच्या पोटातून फिरून येतं. तिथे भोक पडलं तर पाण्यात तेल मिसळून गुलाबी दुधासारखा लगदा तयार होतो. तसंही काही नव्हतं. म्हणजे गळती बाहेरचीच.

चौथा प्रश्न: सगळ्यात वरचा ओला भाग कुठला?

तेल दोन दिशांना जातं. खाली जातं कारण तो त्याचा धर्म, आणि मागे जातं कारण गाडी चालताना वारा त्याला ढकलतो. म्हणून जिथे थेंब लोंबतो तिथे गळती असते असं मुळीच नाही. घराच्या छताचं पाहा ना. कौल फुटतं एका खोलीवर, पाणी वाशावरून घसरत जातं आणि टपकतं दुसऱ्याच खोलीत. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको!

आम्ही गिअरबॉक्स बाहेरून स्वच्छ धुतला. नुसता पुसला नाही, तेलकटपणा काढणारं द्रावण लावून ब्रशने घासला, कोरडा केला. जोराच्या पाण्याचा फवारा मात्र टाळला, कारण तो सीलमधून आत शिरतो. मग सगळीकडे पांढऱ्या पावडरचा हलका फवारा मारला, जेणेकरून ओल आली की पांढऱ्यावर लाल रेघ उमटेल. तेलात अतिनील प्रकाशात चमकणारा रंगही थेंबभर टाकला. इथे एक सूचना, विशेषतः तरुण मंडळींसाठी. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर कधीही भरवसा ठेवू नका. पक्के लोखंडी स्टँड लावल्याशिवाय काका कोणालाही खाली जाऊ देत नव्हते. आणि ८० अंशांचं तेल हातावर पडलं तर काय होतं ते सांगायला नकोच.

मग बयोला घेऊन ए-४ महामार्गाने लायडनला जाऊन आलो. परत येऊन दिवा लावला. काय दिसलं? काहीच नाही! पावडर जशीच्या तशी पांढरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फेरी. तरीही काही नाही.

‘गळत नाही’ ही निराशेची बातमी वाटते, पण आमच्या दृष्टीने तो सगळ्यात मोठा पुरावा होता. गाडी चालते तेव्हा तेलावर दाब असतो. पंपाचं पुढचं सील, रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्या, मागचं सील, यांतलं काहीही नादुरुस्त असतं तर चालत्या गाडीत त्याने तोंड उघडलं असतं. आणि चेंबरचं पॅकिंग तर कायम तेलातच बुडालेलं असतं. ते खराब असतं तर उन्हाळ्यातही थेंब पडले असते. मग ही गळती फक्त मार्चमध्येच का दिसते?

हिवाळ्याचं कोडं

याचं उत्तर गिअरबॉक्समध्ये नव्हतं, ते इथल्या रस्ताकराच्या नियमात होतं!

नेदरलँड्समध्ये २०१४ सालापासून ४० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना रस्ताकर माफ आहे. त्याहून कमी वयाच्या, पण १९८८ च्या आधीच्या पेट्रोल गाड्यांसाठी एक सवलत ठेवली गेली. कर फक्त चौथाई, पण अट अशी की डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी हे तीन महिने गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही. चालवायची नाहीच, उभीसुद्धा करायची नाही. काटकसरी मंडळ म्हणून आपण ही सवलत घेतली. बयो दर हिवाळ्यात तीन महिने खाजगी शेडमध्ये निजली.

आणि गाडी निजली की गिअरबॉक्समध्ये काय होतं? टॉर्क कन्व्हर्टर ही डबी चेंबरपेक्षा वर असते. इंजिन चालू असतं तोवर पंप तिला तेलाने भरलेली ठेवतो. इंजिन बंद झालं की त्यातलं तेल हळूहळू, दिवसागणिक झिरपून खाली चेंबरमध्ये उतरतं. रात्रीत थोडं, आठवड्यात बरंच, महिन्याभरात खूप. चेंबरमधली पातळी चढत जाते, आणि एरवी जे भाग तेलाच्या वर कोरडे असतात ते बुडायला लागतात.

लायडस्खेनडामला राहणाऱ्यांना हे समजणं सोपं आहे. आपल्या गावाचं नावच एका बांधावरून पडलंय. रेनलंडचं पाणी एका बाजूला, डेल्फलंडचं दुसऱ्या बाजूला, दोन्हीच्या पातळ्या वेगळ्या, आणि मध्ये आपला जुना जलपाश. दाराच्या वरच्या भागात फट असली तर पाणी खाली असताना ती कधीच कळणार नाही. पाणी चढलं की कळेल.

म्हणून आम्ही चालती गाडी तपासणं सोडलं आणि उभी गाडी तपासायला घेतली. २०२४ च्या एप्रिलमध्ये बयोला गरम करून, तेल मोजून, शेडमध्ये उभी केली. ताईने भिंतीवर कागद चिकटवला. रोज सकाळी इंजिन चालू न करता डिपस्टिक काढायची, पातळी लिहायची, दिव्याने सगळी बाजू पाहायची. पहिल्याच सकाळी पातळी वरच्या खुणेच्या वर गेली. आठवड्याने आणखी वर. अकराव्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला, ‘काका, गुलाबी रेघ!’

ती रेघ होती गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाला, गिअर निवडण्याचा दांडा जिथून आत शिरतो त्या जागी. तिथे एक छोटं रबरी सील असतं, अंगठ्याएवढं. तिथून तेल चेंबरच्या कडेवर उतरत होतं, कडेकडेने घसरत मागच्या डाव्या कोपऱ्यात जात होतं, आणि तिथल्या बोल्टवरून टपकत होतं. बघणाऱ्याला वाटणार पॅकिंगच गळतंय!

काकांचं समाधान एवढ्यावर झालं नाही. आमच्या शेडच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी दाराकडे किंचित उतार आहे, आणि गाडी नेहमी तोंड आत करून उभी असते. काका म्हणाले, ‘तिला उलटी लावा.’ सगळं पुन्हा धुतलं, पावडर मारली, गाडी उलट तोंडाने लावली. तेराव्या दिवशी पुठ्ठ्यावर थेंब पडला, पण या वेळी चेंबरच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याखाली. गुलाबी रेघ मात्र त्याच दांड्यापासून निघालेली. थेंबाची जागा बदलली, उगम बदलला नाही. पॅकिंग निर्दोष सुटलं.

मग इंजिन सुरू केलं. पंपाने तेल वर ओढलं, पातळी खाली आली, गळती थांबली. सगळं जुळलं.

दुरुस्ती आणि तिची परीक्षा

दुरुस्ती एका शनिवारची. दांड्याचं सील बदललं. जुनं सील बोटांनी दाबलं तर वाकेना, कडक झालेलं. चाळीस वर्षांच्या रबराकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची? या कामासाठी चेंबर उतरवावा लागला, म्हणून गाळणी आणि पॅकिंगही नवं घातलं. वारंवार आवळून चेंबरची कड बोल्टांच्या भोकांपाशी वाकली होती. ती लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सरळ केली. बोल्ट आवळायचा जोर आमच्या गाडीत फक्त ८ न्यूटन-मीटर आहे. काकांच्या भाषेत, ‘मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे.’ गळतं म्हणून जास्त आवळलं की कड आणखी वाकते आणि खरोखरच गळायला लागतं. बाजारात सील फुगवणारी औषधं मिळतात, ती आम्ही घातली नाहीत. ती रबर काही दिवस मऊ करतात, सगळंच रबर करतात, चांगलंही. जुनं तेल डब्यात भरून पालिकेच्या घातक कचरा केंद्रात दिलं. शेडमधल्या डागांवर मांजराच्या मातीचे दाणे टाकून तेही साफ केले, नाहीतर पहिल्या पावसात ते गटारातून फ्लीटमध्ये गेले असते.

आणि मग उन्हाळा आला. बयो कोरडी. लोक अभिनंदन करायला लागले. आम्ही ते घेतलं नाही. कारण उन्हाळ्यात ती दर वर्षीच कोरडी असते! आधीच्या दोन्ही दुरुस्त्या ‘यशस्वी’ ठरल्या त्या ऋतू बदलला म्हणून. या दुरुस्तीची परीक्षा फक्त हिवाळाच घेऊ शकत होता. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, गाडी पुठ्ठ्यावर उभी. १ मार्च २०२५ ला शेडचं दार उघडलं. पुठ्ठा कोरा. तो पुठ्ठा आज बाहेर वड्यांच्या टेबलाशेजारी लावलाय, जरूर बघा. कोऱ्या पुठ्ठ्याचं प्रदर्शन भरवणारं आपलं मंडळ बहुधा पहिलंच असेल!

हिशेब

दिवा, रंग, पावडर, सील, पॅकिंग, गाळणी आणि तेल मिळून एकशे साठ युरोच्या आत काम झालं. मजुरी शून्य, चहा अगणित. दोन हजार आठशे युरो वाचले. शिवाय २०२५ मध्ये बयोला ४० वर्षं पूर्ण झाली, त्यामुळे आता रस्ताकर नाही आणि हिवाळ्याची सक्तीची झोपही नाही. कोरड्या दिवशी दर पंधरवड्याला तिला अर्धा-पाऊण तास नीट गरम होईपर्यंत फिरवून आणतो. दोन मिनिटं चालू करून बंद करणं तिला मानवत नाही. इंजिन आणि सायलेन्सरमध्ये नुसता ओलावा साठतो.

वाचलेला पैसा कुठे गेला, ते आता सांगतो. आपला यंदाचा निधी मराठवाड्यातल्या पाण्याच्या कामांसाठी आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या पिढीतल्या अनेकांच्या घरी १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आहेत. तेव्हा रस्त्यांची, पाझर तलावांची, बांधांची किती कामं निघाली! या कामांच्या बाबतीत काकांनी आम्हाला जे सांगितलं ते गिअरबॉक्सइतकंच खरं आहे. बांध दुरुस्त केला, पाऊस पडला, विहीर भरली, फोटो काढला. सप्टेंबरमध्ये सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. बांध टिकला की नाही, पाणी जिथे मुरायला हवं तिथे मुरलं की भलतीकडून निघून गेलं, हे विचारायचं ते मे महिन्यात. आणि बांधावर जिथे ओल दिसते तिथेच भोक असतं असंही नाही.

म्हणून कार्यकारिणीने समितीची सूचना मान्य केली आहे. वाचलेल्या रकमेपैकी काही भाग काम सुरू करण्याआधीच्या पाहणीसाठी, आणि काही भाग पुढच्या दोन वर्षांच्या मे महिन्यांत विहिरींची पातळी मोजून लिहून ठेवण्यासाठी बाजूला काढला आहे. पाहणीवर खर्च म्हटलं की देणगीदारांना तो वायफळ वाटतो, याची आम्हाला कल्पना आहे. पाहणीचा फोटो छान येत नाही! पण मंडळी, आपण तीन वर्षं दुरुस्तीवर पैसे घालवले, आणि प्रश्न सुटला तो महिनाभर नुसतं बघण्याने. ते मोजमाप पुढच्या दोन्ही वर्षांच्या स्मरणिकांत, चांगलं असो वा वाईट, जसंच्या तसं छापलं जाईल.

आता विनंती. बयोच्या उन्हाळ्यातल्या फेऱ्यांची नोंदणी दाराजवळच्या टेबलावर सुरू आहे. लग्न, मुंज, साठीशांत, किंवा नुसतीच हौस, काहीही चालेल. ज्यांना फेरी नको त्यांच्यासाठी शेजारीच देणगीची पेटी आहे. ती अजिबात गळत नाही, याची आम्ही खात्री करून घेतली आहे!



चला, वडे गार होतायत.